सेमी-ऑटोमॅटिक एअर रायफल भरवशाची कशी ओळखावी

एअर रायफल घ्यायला निघालेला माणूस दुकानात बहुधा पहिला प्रश्न वेगाचा विचारतो आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफल हवी असेल, तर दुसरा प्रश्न मॅगझिनमध्ये छर्रे किती मावतात हा असतो. या दोन्ही आकड्यांवरून रायफल भरवशाची आहे की नाही हे कळत नाही. प्रत्येक वेळी चाप ओढल्यावर छर्‍यामागे तेवढीच हवा सुटते का, आणि पुढचा छर्रा न चेपता, न अडकता, एकच एक असा नळीत बसतो का, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. म्हणून निवडीचे निकष सांगण्याआधी ही रायफल आतून कशी चालते, ते समजून घेणे आवश्यक आहे.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढल्यावर एकच छर्रा सुटतो आणि पुढच्या वेळेसाठी रायफल आपोआप तयार होते. वापरणार्‍याला बोल्ट (छर्रा नळीत ढकलणारा दांडा) मागे ओढावा लागत नाही की छर्रा हाताने भरावा लागत नाही. बाजारात मात्र हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. ज्या रायफलीत मॅगझिन आहे, पण प्रत्येक छर्‍यानंतर बाजूचा बोल्ट किंवा लिव्हर मागेपुढे करावी लागते, ती रिपीटर असते. जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवर दिसणारी, नळी मोडून, म्हणजे खाली वाकवून, भरायची रायफल स्प्रिंगवर चालते. तिच्या काही आधुनिक प्रकारांवर १० छर्‍यांचे मॅगझिन बसवलेले असते, पण छर्रा आपोआप भरला गेला तरी स्प्रिंग दाबण्यासाठी नळी दर वेळी मोडावीच लागते. एका छर्‍यासाठी लागणारी सगळी ऊर्जा त्या वेळी हातानेच पुरवायची असल्यामुळे स्प्रिंगची रायफल खर्‍या अर्थाने सेमी-ऑटोमॅटिक होऊ शकत नाही. त्यासाठी अनेक छर्‍यांना पुरेल एवढा दाबलेला वायू रायफलीतच साठवलेला असावा लागतो.

ही कल्पना जुनी आहे. बार्थोलोमेउस जिरांदोनी या कारागिराने घडवलेली एअर रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास वापरात आणली होती. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी होती आणि नळीला लागून असलेल्या नळकांड्यात सुमारे २० गोळ्या मावत. अमेरिकेत १८०३ ते १८०६ या काळात झालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतही अशी एक रायफल होती. ती सेमी-ऑटोमॅटिक नव्हती, कारण गोळी नळीसमोर आणण्यासाठी एक ठोकळा बोटाने सरकवावा लागे. मात्र तिची मोठी अडचण आजही ओळखीची वाटेल अशी होती: टाकी हातपंपाने भरायला सुमारे दीड हजार वेळा दट्ट्या मारावा लागे आणि हवा कमी होत गेली की गोळीचा जोर ओसरे. जवळजवळ अडीचशे वर्षांत धातू, सील आणि पंप खूप सुधारले, पण साठवलेल्या हवेचा दाब उतरत जातो ही गोष्ट बदललेली नाही.

आज वायू साठवण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिला कार्बन डायऑक्साइडचा. १२ ग्रॅमचे छोटे काडतूस रायफलीत बसवायचे आणि त्यातला द्रव वायूरूप होत गेला की त्याच्या दाबावर छर्रे सोडायचे, अशी ही सोपी आणि स्वस्त व्यवस्था आहे. अमेरिकन कंपनी क्रॉसमनची १०७७ ही १२ छर्‍यांची रायफल याच प्रकारातली आहे. ती सेमी-ऑटोमॅटिक म्हणून ओळखली जाते, पण तिची रचना रिव्हॉल्व्हरसारखी आहे. वायू तिच्यात काहीच भरत नाही. चाप ओढणारे बोटच छर्‍यांची चकती फिरवते आणि व्हॉल्व्ह ठोकून उघडणारी हातोडीही मागे नेते. त्यामुळे चाप लांब आणि जड लागतो, पण वायूच्या जोरावर मागेपुढे होणारे भाग नसल्याने अडकण्याची शक्यता कमी होते. नवशिक्याने केवळ मौजेसाठी अशी रायफल घेतली तर ती निवड मी चुकीची म्हणणार नाही.

कार्बन डायऑक्साइडची अडचण तापमानाची आहे आणि महाराष्ट्रात ती दोन्ही टोकांनी जाणवते. या वायूचा दाब १० अंश सेल्सिअसला सुमारे ४५ बार (१ बार म्हणजे साधारण वातावरणातल्या हवेएवढा दाब), २० अंशांना ५७ बार आणि ३० अंशांना ७२ बार असतो. म्हणजे महाबळेश्वरच्या थंड पहाटे आणि पुण्याच्या उन्हाळी दुपारी तीच रायफल वेगवेगळ्या जोराने छर्रा सोडते. ३१ अंशांच्या वर या वायूचा द्रव टिकतच नाही आणि भरलेल्या काडतुसातला दाब झपाट्याने वाढू लागतो. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात तो इतका वाढू शकतो की हातोडीच्या ठोक्याने व्हॉल्व्ह नीट उघडत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत अशी काडतुसे ठेवणे तर सरळ धोक्याचे आहे. उलट बाजूने पाहिले, तर द्रवाचा वायू होताना उष्णता शोषली जाते, म्हणून भराभर छर्रे सोडले की काडतूस गार पडते, दाब उतरतो आणि वेग घटतो. भराभर छर्रे सोडण्याची सोय हेच सेमी-ऑटोमॅटिकचे वैशिष्ट्य असल्याने हा दोष तिच्यात अधिक खटकतो.

दुसरा मार्ग पीसीपीचा, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या साध्या हवेचा. रायफलीवरच्या टाकीत साधारण २०० बारपर्यंत, काही टाक्यांत ३०० बारपर्यंत हवा भरतात. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार हवा असते, यावरून या दाबाची कल्पना यावी. खर्‍या अर्थाने स्वतः भरून घेणार्‍या एअर रायफली बहुतेक याच प्रकारातल्या आहेत आणि पुढचे विवेचनही मुख्यतः त्यांच्याबद्दलच आहे.

चाप ओढला की हातोडी व्हॉल्व्हवर आदळते, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि हवेचा एक झोत छर्‍याला नळीतून पुढे ढकलतो. सेमी-ऑटोमॅटिक रचनेत त्याच हवेचा थोडा भाग मागे वळवून बोल्ट आणि हातोडी मागे ढकलली जातात. बोल्ट मागे गेला की मॅगझिन स्प्रिंगच्या जोराने एक घर पुढे सरकते आणि परत येणारा बोल्ट नवा छर्रा नळीत बसवतो. हे सर्व डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. यातून दोन परिणाम निघतात. एक, छर्रा सोडण्याखेरीज यंत्रणा फिरवण्यासाठीही हवा खर्च होत असल्याने त्याच टाकीत बोल्ट-रिपीटरपेक्षा कमी छर्रे सुटतात. दोन, दाब एका मर्यादेखाली गेला की छर्रा बाहेर पडतो, पण बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुढची भरणी अर्धवट राहते. म्हणून विक्रेता टाकीमागे अमुक छर्रे सुटतात असे सांगतो, तेव्हा त्यांपैकी किती छर्‍यांपर्यंत यंत्रणा पूर्ण फिरते, हे स्वतंत्रपणे विचारले पाहिजे.

अर्धवट भरणीचा प्रश्न दारूच्या काडतुसावर चालणाऱ्या बंदुकीपेक्षा इथे अधिक अवघड असतो, आणि याचे कारण छर्‍यात आहे. पितळी काडतूस कठीण असते आणि त्याला मागे कड असते; न उडालेले काडतूस त्या कडेला पकडून बाहेर खेचता येते. छर्रा मऊ शिशाचा, ४.५ मिलिमीटर रुंदीचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा आणि मागे पातळ घेर असलेला असतो. बोल्ट जोरात आला की तो घेर चेपतो, आणि किंचित तिरका आला की कड सोलली जाते. एकदा नळीत बसलेला छर्रा मागे ओढून काढण्याची सोय बहुतेक रायफलींत नसते. त्यामुळे एक छर्रा आत असताना बोल्ट पुन्हा मागेपुढे झाला, तर त्याच्यामागे दुसरा छर्रा बसतो. अशा वेळी कधी दोन्ही छर्रे एकदम कमी वेगाने बाहेर पडतात, तर कधी दाब कमी असल्याने दोन्ही नळीतच अडकतात. सेमी-ऑटोमॅटिक एअर रायफलींच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते.

म्हणून मॅगझिन हातात घेऊन बारकाईने पाहावे. फिरणारी चकती अडखळत नाही ना, प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येऊन थांबते ना, शेवटचा छर्रा संपल्यावर बोल्ट मागेच अडकून राहतो की रिकाम्या घरावर पुन्हा बंद होतो, हे तपासावे. बोल्ट मागे थांबत असेल तर रायफल रिकामी झाल्याचे नजरेने कळते, आणि हा गुण मला अतिशय मोलाचा वाटतो. चकतीच्या जाडीपेक्षा लांब छर्रे तिच्यात बसत नाहीत. अणकुचीदार टोकाच्या छर्‍यांपेक्षा गोल डोक्याचे छर्रे सहसा अधिक सुरळीत जातात. रायफलीला एखादाच विशिष्ट छर्रा मानवत असेल, तर तो आपल्या गावात नियमित मिळतो का, हेही आधीच पाहावे.

आता वेगाकडे येऊ. जाहिरातीत सेकंदाला १००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर, असा आकडा असतो. ऊर्जा वस्तुमानावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. ०.५३ ग्रॅमचा नेहमीचा शिशाचा छर्रा खरोखरच या वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा २४ ज्यूलांच्या वर जाते. पण हा आकडा पुष्कळदा ०.३४ ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छर्‍यावर मोजलेला असतो, आणि तेव्हा ऊर्जा १६ ज्यूलही भरत नाही. वजन न सांगता दिलेला वेग त्यामुळे निरर्थक ठरतो.

भारतात हा हिशेब कायद्यासाठीही लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या एअर रायफलीच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे किंवा छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलांपेक्षा जास्त आहे, तिला परवाना लागतो. ०.५३ ग्रॅमच्या छर्‍यासाठी २० ज्यूल म्हणजे सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेग. परदेशात नावाजलेल्या अनेक सेमी-ऑटोमॅटिक एअर रायफली ५.५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाच्या आणि २० ज्यूलांहून पुष्कळ अधिक जोराच्या असतात. त्यांची कौतुके वाचून तीच रायफल इथे मागवायला निघणार्‍याने हे लक्षात ठेवावे. शिवाय आयातीचे नियम निराळे आहेत. परदेशात राहणार्‍या मराठी वाचकांसाठी मर्यादा वेगळ्या आहेत. जर्मनीत परवान्याशिवायची मर्यादा ७.५ ज्यूल आहे. इंग्लंडमध्ये ती १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या अखेरीपासून अशा कमी जोराच्या एअर रायफलीलाही प्रमाणपत्र लागते.

वेग किती, यापेक्षा तो एका छर्‍यापासून दुसर्‍या छर्‍यापर्यंत किती बदलतो, हे महत्त्वाचे आहे. समजा, एक छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला आणि दुसरा २२० मीटर वेगाने. हवेचा विरोध सोडून दिला, तरी १० मीटरवर दुसरा छर्रा दीड-पावणेदोन मिलिमीटरच खाली लागेल आणि हौशी नेमबाजाला ते जाणवणारही नाही. ३० मीटरवर हेच अंतर जवळजवळ १५ मिलिमीटर होते. वेग मोजणारे क्रोनोग्राफ नावाचे छोटे यंत्र दुकानात किंवा नेमबाजीच्या क्लबात असेल, तर भरलेल्या टाकीपासून कंपनीने सांगितलेल्या किमान दाबापर्यंत सगळे छर्रे त्यावरून सोडून पाहावेत.

हा वेग एकसारखा ठेवण्यासाठी चांगल्या रायफलीत रेग्युलेटर असतो. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर सिलिंडर भरलेला असो वा संपत आलेला, शेगडीला गॅस एकाच दाबाने देतो, तेच काम इथला रेग्युलेटर करतो: टाकीत २०० बार असोत वा १५०, व्हॉल्व्हला तो ठरलेलाच दाब पुरवतो. टाकीतला दाब त्या ठरलेल्या दाबाखाली गेला की मात्र त्याचा उपयोग संपतो. बोल्ट-रिपीटरमध्ये रेग्युलेटर नसला तर केवळ नेमाचा बारकावा कमी होतो, पण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये भरणीदेखील त्याच दाबावर चालत असल्याने रेग्युलेटर असलेलीच रायफल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडच्या हवेत दमटपणा किती असतो, याचा विचार परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते. २०० मिलिलिटरची टाकी २०० बारपर्यंत भरायला सुमारे ४० लिटर हवा लागते, म्हणजे पावसाळ्यात रत्नागिरी किंवा अलिबागला रिकामी टाकी भरताना पंपात सव्वा ग्रॅमच्या आसपास पाणी शिरते. दाब वाढला की यातले बहुतेक पाणी द्रवरूप होते. पंपातल्या फिल्टरने ते अडवले नाही तर ते टाकीत, रेग्युलेटरमध्ये आणि व्हॉल्व्हवर जाऊन बसते, लोखंडी भाग गंजतात आणि रेग्युलेटर चुकू लागतो. म्हणून पंपाला ओल शोषणारा फिल्टर असावा आणि तो वेळेवर बदलावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांसाठी कोरडी हवा भरणार्‍या केंद्रातून सिलिंडर भरून घेणे. मालवण-तारकर्लीच्या बाजूला स्कूबाचा व्यवसाय असल्याने तिकडे अशी सोय शोधता येते. मात्र टाकीत फक्त कोरडी हवाच भरायची. वेल्डिंगचा किंवा रुग्णालयाचा ऑक्सिजन कधीही भरू नये, कारण दाबलेल्या ऑक्सिजनमध्ये वंगणाचा अंशही पेट घेऊ शकतो. साध्या हवेच्या टाकीच्या बाबतीतही शिवणयंत्राचे किंवा इंजिनाचे तेल व्हॉल्व्हला लावणे धोक्याचे असते. रबरी सीलसाठी सिलिकोन ग्रीस वापरावे.

गळती तपासण्याची पद्धत सोपी आहे. टाकी भरून दाबमापकाचा आकडा लिहून ठेवावा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहावा. यात तापमानाचा हिशेब धरायला हवा. ३५ अंशांना २०० बार दाखवणारी टाकी हवा जराही न गळता २० अंशांना सुमारे १९० बार दाखवते. भरताना हवा तापते, म्हणून भरल्यावर लगेच दिसणारा आकडाही फसवा असतो. आकडा रोज उतरतच राहिला, तर कुठले तरी सील गेले आहे. ही सीलं काही वर्षांनी बदलावीच लागतात, तेव्हा सुटे भाग आणि ते बसवणारा माहितगार माणूस पुण्या-मुंबईत तरी उपलब्ध आहे का, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा. दुरुस्तीची सोय नसलेली उत्तम रायफल दोन-तीन वर्षांत कपाटात पडून राहते. तिच्यापेक्षा सोय असलेली मध्यम रायफल घेणे शहाणपणाचे आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने सेमी-ऑटोमॅटिक रायफल इतर एअर रायफलींपेक्षा वेगळी वागते. बोल्ट-रिपीटर एक छर्रा सुटल्यावर निरुपद्रवी असते, कारण पुढची भरणी माणसाच्या हातात असते. सेमी-ऑटोमॅटिक मात्र छर्रा सुटताक्षणी पुन्हा भरलेली आणि ताणलेली असते. मॅगझिन काढले तरी नळीत बसलेला छर्रा तसाच राहतो, आणि तो सुरक्षित ठिकाणी छर्रे अडवणार्‍या पेटीत सोडूनच रायफल रिकामी करावी लागते. नवी रायफल पहिल्यांदा चालवताना मॅगझिनमध्ये आधी एकच छर्रा भरावा, मग दोन, आणि एका ओढीला एकच सुटतो याची खात्री झाल्यावरच मॅगझिन पूर्ण भरावे. एका ओढीला दोन सुटले, तर ती रायफल परत करावी. असा चाप घरी दुरुस्त करण्याच्या फंदात कोणीही पडू नये. डोळ्यांवर चष्मा असावा, लक्ष्यामागे कठीण दगड किंवा लोखंडी पत्रा नसावा आणि शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. सैन्याच्या रायफलीसारखे रूप दिलेली एअर रायफल उघड्यावर मिरवली, तर बघणार्‍यांची व पोलिसांची गैरसमजूत होणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून ती नेहमी पेटीतूनच न्यावी.

कशासाठी घ्यायची, हा प्रश्न खरे तर सर्वांत आधीचा. मुलाला किंवा मुलीला स्पर्धात्मक नेमबाजीत घालायचे असेल, तर सेमी-ऑटोमॅटिक घेऊच नये. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर रायफल प्रकारात एका वेळी एकच छर्रा भरता येतो, रायफल ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि जास्तीत जास्त ५.५ किलो वजनाची असावी लागते, आणि लक्ष्यावरचा १० गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अंजली भागवत २००० मध्ये सिडनीला आणि सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला याच प्रकारात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला याच प्रकारात जगज्जेता झाला. प्रत्येक छर्‍यानंतर रायफल खाली घेणे, श्वास सावरणे आणि पुन्हा उभे राहणे हा या खेळाचा गाभा आहे, आणि आपोआप भरली जाणारी रायफल नेमकी हीच सवय लागू देत नाही.

पाखरे किंवा जनावरे मारण्यासाठी तर कुठलीच एअर रायफल घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. कोकणातल्या बागायतदारांना माकडा-वानरांचा होणारा उपद्रव खरा आहे आणि त्यांची हतबलताही समजण्यासारखी आहे, पण २० ज्यूलांच्या छर्‍याने जनावर हटत नाही, नुसते जखमी होऊन तळमळत राहते. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदाही आहे.

मग उरते घराच्या आवारात किंवा क्लबात डबे, लोखंडी पडती लक्ष्ये आणि कागद टिपण्याची हौस. तिच्यासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल खरोखर आनंद देते. अशा हौशी माणसाने रेग्युलेटर असलेली, ४.५ मिलिमीटर व्यासाची, ज्या छर्‍यावर वेग मोजला त्याचे वजन स्पष्ट सांगणारी रायफल शोधावी. दुकानात आपण नेहमी वापरणार असलेल्या छर्‍यांची निदान तीन-चार मॅगझिने, टाकी मध्ये पुन्हा न भरता, सलग कागदावर सोडून पाहावीत आणि भोके मोजावीत: छर्रे जितके भरले तितकीच भोके हवीत, आणि शेवटच्या मॅगझिनमधली भोके पहिल्यापेक्षा ठळकपणे खाली गेलेली नसावीत. व्यवहार ठरला की विक्रेत्याला ओळखपत्र द्यावे आणि पावतीवर रायफलीचा क्रमांक, व्यास आणि ज्यूलमधली ऊर्जा लिहून घ्यावी.